हरणं-सांबरं बघायला बजेटमधली दुर्बीण: सारखे विचारले जाणारे प्रश्न

सफारीचं बुकिंग झालं की लोकांचा पुढचा मेसेज ठरलेला, "दुर्बीण कुठली घेऊ, बजेट दहा-बारा हजार". दरवेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं इथे एकत्र लिहून ठेवतोय. ताडोबा-पेंचची जिप्सी, माळरानावरची काळविटं, सह्याद्रीतली भेकरं आणि बुद्धपौर्णिमेचं मचाण, एवढं डोक्यात धरून लिहिलंय. हे सगळं बघण्यापुरतं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार गुन्हा आहे, त्यावर प्रश्न विचारू नका.

एका ओळीत सांगा, कुठली घेऊ?

८×४२, वॉटरप्रूफ, ओळखीच्या कंपनीची. घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

८×४२ म्हणजे नेमकं काय?

पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं. ८० मीटरवरचं चितळ आठ पटीत बघितलं की साधारण १० मीटरवर उभं असल्यासारखं वाटतं. दुसरा आकडा पुढच्या मोठ्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये, म्हणजे उजेड आत घ्यायचं तोंड केवढं आहे ते.

आता दुसऱ्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे ५.२५. दुर्बीण हातभर लांब धरून खिडकीकडे रोखली की डोळ्याकडच्या काचेत एक उजेडाचा गोल ठिपका दिसतो ना, त्याची ही रुंदी, याला एक्झिट प्युपिल म्हणतात. १०×४२ ला तो ४.२ येतो, ८×३२ ला ४, आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ ला जेमतेम ३.१. भर दुपारी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते त्यामुळे सगळ्याच दुर्बिणी छान वाटतात (दुकानदार तुम्हाला दुपारीच दाखवतो!). खरी परीक्षा सांजेला. तरुण माणसाची बाहुली अंधारात सातपर्यंत उघडते, पन्नाशीत पाचच्या आसपास, आणि तेव्हा दुर्बिणीतून येणारा ठिपका लहान असला की समोरचं चित्र काळवंडतं. आणि सांबर तर निघतंच तेव्हा.

पण १०×४२ मध्ये जास्त जवळ दिसेल ना?

दिसेल. पण जवळ येताना बाकीचं बरंच काही घालवून बसतं.

एक तर हाताची थरथर. चित्र दहा पट मोठं तशी थरथरही दहा पट, आणि जिप्सीत सहा माणसं, त्यातलं एक सतत उठतंय-बसतंय, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नसेल तर विचारूच नका. दुसरं म्हणजे दिसणारा पट्टा लहान होतो. चांगल्या ८×४२ मध्ये १०० मीटरवर साधारण १२ ते १४ मीटर रुंदीचं जंगल एका वेळी दिसतं, १०×४२ मध्ये साडेदहा-अकरा. आकड्यात फरक किरकोळ वाटतो पण बांबूच्या बेटात हललेला एक कान शोधायचा असतो तेव्हा हेच दोन-तीन मीटर नडतात, गाइड "वो देखो वो देखो" करत असतो आणि तुम्ही शेजारच्या सागाचं खोड बघत असता. तिसरं वर आलंच, उजेड कमी.

१०×४२ ला जागा आहे, नाही असं नाही. रेहेकुरीला काळवीट बघायचं, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा शोधायचा, नान्नजचं माळरान, भिगवणचं पाणी, अशा उघड्या जागी प्राणी लांब असतो, उजेड भरपूर असतो आणि दुर्बीण कशावर तरी टेकवता येते. तुमची निम्म्याहून जास्त भटकंती माळावरच असेल तर खुशाल दहाची घ्या. जंगलात आणि माळावर मिळून एकच घ्यायची असेल तर माझं मत आठच, आणि या बाबतीत मी वाद घालायला तयार आहे.

ऑनलाइन दोन हजारात ५०×५० मिळतेय, "डे अँड नाइट व्हिजन" लिहिलंय, घेऊ का?

नको. ५० पट मोठं चित्र हातात धरून स्थिर ठेवणारा माणूस अजून जन्मायचाय, आणि ५० भागिले ५० म्हणजे ठिपका एक मिलिमीटरचा, संध्याकाळी पाचनंतर काळोख. अर्थात तो आकडा बहुतेक वेळा खोटाच असतो, आत प्रत्यक्षात सात-आठ पटच निघते, त्यामुळे असं विकणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवायचं कारण उरत नाही. "नाइट व्हिजन" म्हणजे काही नाही, साधीच काच.

अजून एक खूण सांगतो. पुढच्या काचा लालभडक, आरशासारख्या चमकत असतील तर लांब राहा. ते लाल कोटिंग लाल उजेड परत फेकतं, आत येणारं चित्र हिरवट-निळसर होतं, आणि तुम्हाला बघायचंय तांबूस चितळ. चांगल्या कोटिंगची काच तिरकी धरली की आत गडद दिसते, मंद हिरवी किंवा जांभळट झाक असते.

पोरो आणि रूफ, यातलं काय घ्यायचं?

पोरो म्हणजे जुन्या सिनेमातली दिसते तशी, खांदे बाहेर आलेली. रूफ म्हणजे सरळ दोन नळ्यांची. दहा हजाराच्या आतबाहेर पोरोचं चित्र जास्त चांगलं पडतं हे अगदी खरंय. रूफ प्रिझममध्ये (प्रिझम म्हणजे आतली उजेड वळवणारी काच) उजेडाचा रस्ता किचकट असतो, तो नीट यायला प्रिझमवर आरशाचं कोटिंग आणि फेज कोटिंग अशी दोन जादा कामं करावी लागतात, त्यांचा खर्च येतो, आणि स्वस्त रूफमध्ये नेमकी तिथेच काटकसर केलेली असते. पोरोला याची गरजच नाही.

मग सगळे रूफ का घेतात, तर ती सुटसुटीत असते आणि वॉटरप्रूफ सहज मिळते. स्वस्त पोरोमध्ये फोकस फिरवला की मागचा डोळ्याचा भाग आत-बाहेर सरकतो आणि त्या फटीतून धूळ आणि दमट हवा आत जाते. उन्हाळ्यात दोन सफाऱ्या आणि बाकी वर्षभर कपाटात असा वापर असेल तर पोरो घ्या, पैसे वाचतील. पावसात घाटात फिरणार असाल, कोकणात राहत असाल, तर रूफच.

नावं सांगा ना सरळ, बजेटप्रमाणे.

भाव ऑफर बघून वरखाली होतात म्हणून अंदाजानेच घ्या.

दहा हजाराच्या आसपास किंवा आत: निकॉन अक्युलॉन ए२११ ८×४२ किंवा ऑलिंपस ८×४० एस. दोन्ही पोरो, दोन्ही वॉटरप्रूफ नाहीत, दोन्ही ७०० ग्रॅमच्या वर. अक्युलॉनचा पट्टा ८ अंशाचा, म्हणजे १०० मीटरवर १४ मीटर, या किमतीत फार मोकळं वाटतं. चष्मेवाल्यांनी मात्र पुढचा चष्म्याचा प्रश्न वाचल्याशिवाय घेऊ नका.

त्याच्या वर पंधरापर्यंत: निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२, वॉटरप्रूफ, आत नायट्रोजन भरलेला, वजन ५६५ ग्रॅम, गळ्यात दिवसभर असली तरी मान धरत नाही. सेलेस्ट्रॉन नेचर डीएक्स ८×४२ पण याच गटात बसते, तिच्यात फेज कोटिंग दिलेलं असतं.

त्याहून वर जायची तयारी असेल तर प्रोस्टाफ पी७ किंवा व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी. इथे संध्याकाळच्या चित्रातला फरक डोळ्याला स्पष्ट कळतो. यापुढे ईडी काचेच्या (कडेची रंगीत किनार कमी करणारी काच) दुर्बिणी येतात, निकॉन मोनार्क एम५ वगैरे, त्या उत्तम आहेत पण मग "बजेटमधली" म्हणायचं सोडून द्या. माझं सरळ मत, पहिली दुर्बीण पंधराच्या आत घ्या आणि उरलेल्या पैशात अजून एक सफारी करा.

बॉक्सवर काय काय लिहिलेलं असतं त्यातलं खरं महत्त्वाचं काय?

"फुल्ली मल्टिकोटेड" असेल तर चांगलं, म्हणजे हवा लागणाऱ्या प्रत्येक काचेवर अनेक थर आहेत. नुसतं "कोटेड" म्हणजे एखादा थर कुठेतरी. "बीएके-४" हा प्रिझमच्या काचेचा प्रकार, "बीके-७" पेक्षा बरा. घरीच तपासता येतं, दुर्बीण हातभर लांब धरून तो उजेडाचा ठिपका बघा, पूर्ण गोल असेल तर ठीक, कडा कापल्यासारख्या चौकोनी आणि राखाडी दिसल्या तर प्रिझम स्वस्तातलं. "वॉटर रेझिस्टंट" आणि "वॉटरप्रूफ" एक नाही, पहिलं म्हणजे चार थेंब पडले तर हरकत नाही एवढंच. "एचडी" हे ज्याला वाटेल तो लिहितो.

मला चष्मा आहे, काढून बघू का घालून?

नंबर नुसता जवळचा-लांबचा असेल तर काढूनही फोकस होतं, सिलिंडर असेल तर घालूनच बघावं लागतं. पण जिप्सीत चष्मा काढायचा, दुर्बीण लावायची, परत चष्मा, तेवढ्यात बिबट्या येऊन गेलेला असतो. म्हणून घालूनच बघायची सवय लावा आणि घेताना आय रिलीफ नावाचा आकडा बघा (डोळा काचेपासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर), १५ मिलिमीटरच्या खाली असेल तर चष्म्यातून चित्राच्या कडा कापल्या जातात, नळीतून बघतोय असं वाटतं. अक्युलॉनचा १२ आहे, पी३ चा २०.२. चष्मेवाल्यांनी आयकप (डोळ्याकडच्या काचेभोवतीची कडी) पूर्ण आत फिरवून ठेवायचे, बिनचष्म्याच्यांनी बाहेर.

दुकानात गेल्यावर तपासायचं कसं?

आतल्या ट्यूबलाइटमध्ये काही कळत नाही, दुकानदाराला विचारून दारात या. रस्त्यापलीकडच्या पाटीवरची सगळ्यात बारीक अक्षरं वाचा, ती चित्राच्या मध्ये ठेवून आणि मग कडेला नेऊन. आकाशासमोरून गेलेली विजेची तार बघा, तिच्या कडेला जांभळी-हिरवी किनार थोडी दिसणारच, पण रंगपंचमी दिसायला नको. मग उभ्या ट्रकच्या खालचा अंधार बघा, टायरमागचे नटबोल्ट सुटे सुटे दिसतायत का. झाडीतलं सांबर असंच दिसणार आहे, त्यामुळे माझ्या लेखी ही परीक्षा सगळ्यात मोठी. शक्य असेल तर सहा-साडेसहाला जा, दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू दे. ऑनलाइन घेत असाल तर परत करायची मुदत संपायच्या आत गच्चीवरून हेच करा.

दोन वेगवेगळी चित्रं दिसतात, डोकं दुखतं, माल खराब आहे का?

बहुतेक वेळा नीट लावलेली नसते. आधी दोन्ही नळ्या आत-बाहेर दुमडून दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत अंतर जुळवा. मग उजवा डोळा मिटून डाव्याने मधल्या चाकाने लांबची एखादी पाटी स्वच्छ करा. आता डावा मिटा, चाकाला हात लावू नका, उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. ते कडं कुठल्या खुणेवर आलं ते लक्षात ठेवा, तुमच्या डोळ्यांसाठी ते कायम तिथेच, पुढे फक्त मधलं चाक. कित्येकांच्या दुर्बिणी वर्षानुवर्षं हे न करता वापरल्या जातात आणि मग म्हणतात "मला दुर्बिणीतून दिसतच नाही". हे सगळं करूनही चित्रं जुळत नसतील तर आतली प्रिझमं हलली आहेत, ती घरी बसवता येत नाहीत, परत करा.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसायचंय, रात्री काही दिसेल का?

वैशाखातल्या त्या रात्री आपल्याकडे पाणवठ्यावर मचाणात बसून प्राणी नोंदवतात, आणि दुर्बिणीचं खरं चीज तिथे होतं. चांदण्यात रंग दिसत नाहीत, ती अपेक्षा सोडा. पण डोळ्यांना नुसता काळा ठिपका दिसतो त्याचं ८×४२ मधून गवा की सांबर हे ठरतं, शिंगं आहेत का, मागे पिल्लू आहे का हेही कळतं. आधीची पंधरा-वीस मिनिटं मोबाइलच्या स्क्रीनकडे बघू नका, डोळे अंधाराला सरावलेले हवेत नाहीतर चाळीस हजारांची दुर्बीणही काही करू शकत नाही. ७×५० कुणाकडे असेल तर ती घेऊन जा, तिचा ठिपका ७.१ आहे, चांदण्यात मजा येते, फक्त वजनदार असते. कोपर मचाणाच्या कठड्यावर टेकवा, आणि टॉर्च मारू नका, दुसऱ्या कुणाला मारूही देऊ नका.

परदेशातले शिकारी व्हिडिओत ८×५६ घ्या म्हणतात, ते चूक आहेत का?

त्यांच्या जागी बरोबर आहेत. जर्मनीकडे जंगलाच्या कडेला उंच मचाणावर बसून अगदी शेवटच्या उजेडात रानडुक्कर-हरणाची वाट बघतात, बसल्या जागी किलोभराहून जड दुर्बीण चालते. स्कॉटलंडमध्ये उघड्या डोंगरावर रेड डिअरमागे दिवसभर चालायचं असतं, तिथले लोक ८×४२ किंवा १०×४२ च गळ्यात घालतात. आपल्याकडे सफारीची वेळ सूर्यास्ताच्या आसपास संपते, गेटवर परत पोचायचं असतं, त्यामुळे ५६ च्या काचेचा खरा फायदा मिळायची वेळ येते तेव्हा तुम्ही रिसॉर्टवर चहा पीत असता.

दुर्बीण आहे, तरी हरीण सापडत नाही. काय चुकतंय?

आधी डोळ्यांनी बघा, मग दुर्बीण. दिसलेल्या जागेवरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. खाली दुर्बिणीकडे बघून, लावून, मग जंगलात शोधत बसलात की गेलं. घरी गच्चीवरून समोरच्या टाकीवरचा कावळा पकडायची प्रॅक्टिस करा, दोन दिवसांत जमतं.

दुसरी गोष्ट, अख्खं हरीण शोधू नका. जंगलात सगळ्या रेघा उभ्या असतात, साग, बांबू, गवत. त्यात एक आडवी रेघ दिसली की थांबा, ती पाठ असू शकते. पानं हलत नाहीयेत आणि एकच "पान" फडफडतंय, तो माशा हाकलणारा कान. दोन काळे ओले ठिपके म्हणजे डोळा आणि नाक. सांबर तर इतकं निश्चल उभं राहतं की जिप्सी शेजारून निघून जाते. दुर्बीण सरसर फिरवू नका, एका जागी धरायची, त्या गोलातलं जंगल डोळ्यांनी चाळून काढायचं, मग अर्धा गोल सरकायचं. फोकस थोडा मागे-पुढे करत राहिलात तर पुढची झाडी विरघळून मागचं दिसायला लागतं. ही युक्ती फार कमी लोक वापरतात.

आणि कान उघडे ठेवा. सांबराचा तो एकच मोठा "पोंक" ऐकू आला की आवाजाच्या दिशेने बघायच्या आधी सांबर कुठे बघतंय ते बघा. वाघ त्या बाजूला असतो.

चौशिंगा आणि भेकर, लांबून कसं ओळखायचं?

दोन्ही लहान, दोन्ही तांबूस, दोन्ही दोन सेकंदांत गायब. भेकराच्या तोंडावर कपाळापासून शिंगांच्या बुंध्यापर्यंत दोन काळ्या रेघा जातात, त्या आधी शोधा. चौशिंग्याच्या पुढच्या पायांवर समोरून काळसर पट्टा असतो. चार शिंगं फक्त नराला, पुढची दोन इतकी बुटकी की कित्येकदा दिसतच नाहीत, मादीला शिंगंच नाहीत, म्हणून शिंगांवर जाऊ नका. हे सगळं चाळीस-पन्नास मीटरवर आठ पटीत नीट दिसतं. चितळाच्या नराच्या शिंगांवर मखमल आहे का, सांबराच्या गळ्यावर तो लालसर उघडा चट्टा आहे का, हे एकदा बघायला लागलात की "फक्त हरणंच दिसली" ही तक्रार बंद होते.

झूमवाली घेऊ का? ८ ते २४ वगैरे?

नको. पट्टा अरुंद, चित्र मंद, आणि कुठल्याही एका झूमला साध्या दुर्बिणीइतकी चांगली नसते.

मोनोक्युलर?

ट्रेकच्या सॅकमध्ये टाकायला ठीक. तासभर एका डोळ्याने बघून दाखवा मग बोलू.

माझ्याकडे मोठ्या झूमचा कॅमेरा आहे, मग दुर्बीण कशाला?

फोटो काढायला कॅमेरा, प्राणी शोधायला दुर्बीण. अरुंद स्क्रीनमधून जंगल चाळता येत नाही, आणि झाडीच्या आडचं सांबर समोर दिसत असताना ऑटोफोकस पुढच्या काटकीला जाऊन चिकटतो.

मुलांसाठी कुठली?

दहा वर्षांच्या पुढे ८×३२, वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास. घेण्याआधी नळ्या पूर्ण आत दुमडून मुलाच्या डोळ्यांना लावून बघा, लहान चेहऱ्याला बऱ्याच दुर्बिणींचं अंतर जुळतच नाही. आणि पहिल्याच दिवशी बजावा की दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, क्षणभरसुद्धा नाही, डोळा कायमचा जातो.

सेकंडहँड घ्यावी का?

चांगली पोरो स्वस्तात मिळत असेल तर जरूर, पण हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढच्या काचेतून मोबाइलचा टॉर्च आत मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, सोडून द्या, साफ करायला दुर्बिणीच्या किमतीइतके पैसे जातात. मग लांबची आडवी तार बघा आणि डोळे आलटून पालटून मिटा, तार वर-खाली उडी मारत असेल तर ती कधीतरी पडलेली आहे.

पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून काय करू?

सोबत आलेल्या कापडी-चामडी पाऊचमध्ये जूनपासून ठेवू नका, तो ओल धरतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल, रंग बदलला की जेल कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरा, ती कढई मात्र स्वयंपाकाला परत द्यायची नाही. कोरड्या दिवशी काढून तासभर हवेशीर ठेवा. वॉटरप्रूफ दुर्बिणीला आतून बुरशीची भीती कमी, बाहेरच्या काचेवर मात्र तिलाही लागते.

सफारीनंतर काचेवर लाल धूळ बसते, कशाने पुसू?

पुसू नका, आधी उडवा. मुरमाची धूळ म्हणजे बारीक दगडच, टीशर्टच्या टोकाने पुसलं की कोटिंगवर ओरखडे. रबरी ब्लोअरने फुंका (तोंडाने नको, थुंकी उडते), मऊ ब्रशने हलकं झटका, आणि तरीही डाग राहिला तर लेन्सच्या कापडाने, त्यावर लेन्सचंच लिक्विड लावून, मधून बाहेर गोल गोल. वॉटरप्रूफ असेल तर सरळ नळाच्या हळू धारेखाली धरली तरी चालते. आणि जिप्सी चालू असताना झाकणं लावून ठेवा, पुढच्या गाडीची सगळी धूळ तुमच्यावरच येणार आहे.